भुशाच्या पिशवीची काटकसर

निवृत्त झाल्यावर बायका गुडघ्यांवर आणि सुनांवर बोलतात. मी सुतारकाम शिकले. डोंगरकडा या गावी आमच्या घरामागं पत्र्याची एक खोली आहे, पूर्वी तिथं कडबा असायचा. तिथं टेबल मांडलं, मोबाइलवर बघून बघून करवत धरायला शिकले आणि वर्षभरात पाट, पोळपाट, उलथणी असा पसारा उभा केला. पहिल्या पोळपाटावर पोळी गोल होत नव्हती. तो दोष पोळपाटाचा नाही, हे मी घरात ठणकावून सांगितलं. प्राथमिक शाळेत शिकवण्यात जन्म गेल्यावर माणसाला चूक दुसऱ्याच्याच वहीत दिसते.

लाकूड घासायचं मशीन आणलं आणि धूळ सुरू झाली. करवतीचा भुसा निदान खाली तरी पडतो. ही धूळ मैद्यासारखी. वरणावर, उशीवर, चष्म्यावर सगळीकडं तीच. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, त्यांचा खोकला जुना. डॉक्टरांनी छाती तपासून सरळ सांगितलं की घरातली धूळ थांबवा, नाहीतर हे दुखणं आता कायमचं बसेल. म्हणून मी भुसा ओढणारा मोठा व्हॅक्यूम घेतला. धूळ बंद झाली नाही तर खोलीला कुलूप, असं मी स्वतःच कबूल केलं होतं.

व्हॅक्यूम गुणी निघाला, खर्चिक होती ती त्याच्या पोटातली कागदी पिशवी. दोन पाट घासले की ती भरायची, आणि भरली की म्हणे फेकून द्यायची. आमच्या घरात दुधाची पिशवीसुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालतात. एवढी दणकट पिशवी मी फेकणार होय? मी तिचं बूड कात्रीनं कापलं, भुसा उकिरड्यावर झटकला, बूड दुमडून दाभणानं शिवलं. तीन वेळा शिवल्यावर ती चौथ्यांदा मशीनच्या पोटातच फाटली.

मग फिल्टर. तो पिशवीच्या मागं असतो, चुणीदार, गोल. पिशवीशिवाय मशीन चालवलं की सगळा भुसा त्याच्यावर. मी तो नळाखाली धुतला, घाईत ओलाच बसवला. आतून निघालं ते सरळसरळ पिठलं होतं. ते भांडी घासायच्या ब्रशानं काढताना फिल्टरला भोकं पडली, तेव्हा मी तोही काढून ठेवला. नव्या फिल्टरच्या किमतीत वर्षाचे शेंगदाणे येतात, असा हिशोब मी यांना ऐकवला. ते "हं" म्हणाले.

गल्लीच्या टोकाला कापूस पिंजून गाद्या भरणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडून गादीचं घट्ट विणीचं कापड आणलं आणि पिशवी शिवली. भरली की उलटी करायची, झटकायची, पुन्हा लावायची. खर्च शून्य. चाचांनी कापड मोजतानाच विचारलं होतं, "बाई, कापडानं बारीक धूळ रुकत असती तर आमी कापूस पिंजताना तोंडाला तीन पदरी रुमाल काहून बांधलो असतो?" मी म्हटलं, "चाचा, तुमची गोष्ट वेगळी." काय वेगळी, ते मलाही माहीत नव्हतं.

चार महिने मी त्या पिशवीचं कौतुक करत होते. भुसा दिसत नव्हता, म्हणजे तो नव्हता. हे रोज दारात खुर्ची टाकून पेपर वाचायचे, अगदी व्हॅक्यूमच्या पाठीशी, कारण उजेड तिथं चांगला. खोकला वाढला तेव्हा मी त्यांना विडीवरून बोलले. विडी सोडून त्यांना सहा वर्षं झाली होती.

त्यात मी स्वयंपाकघरासाठी एक मांडणी केली. ती किती वजन पेलते ते बघायला वर हळदीचा डबा ठेवला. माझ्या माहेराहून, हट्टा गावाहून, भाऊ दरवर्षी पाठवतो, वर्षाची दळलेली हळद. खुंटी निसटली. डबा खाली, हळद खोलीभर. वरवरची चांगली मी भरून घेतली, उरलेल्या हळदीवर व्हॅक्यूम फिरवला. निम्मी ओढून झाल्यावर मागं वळून बघितलं तर आमचे हे पांढऱ्या बंडीत नवरदेवासारखे पिवळे. पेपर पिवळा, कान पिवळे, भुवया पिवळ्या.

"आता या वयात पुन्हा बोहल्यावर चढवून राहिली का मला?" ते म्हणाले. मी टेबल धरून हसले. मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी रुमाल तोंडाला लावला. रुमालावर पिवळं निघालं. मशीन तर हळद आणि लाकूड असा भेद करत नाही. लाकडाची धूळ पांढऱ्या बंडीवर उठून दिसत नव्हती, एवढाच काय तो फरक. चार महिने मी शेंगदाण्याचे पैसे वाचवत होते आणि ते या माणसाच्या छातीतून वसूल होत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मशीन बंद करून खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली यांच्या हातात दिली.

आठ दिवस मी घरात बसले. नवव्या दिवशी यांनी धान्य ठेवायचा एक निळा ड्रम आणि दोन नळ्या माझ्यापुढं आणून ठेवल्या. "सुपात पाखडताना काय होतं? जड तेवढं जागेवर राहतं, हलकं पुढं जातं. भुशाला आधी ड्रममधी पाखड. पिशवीला फक्त बारीकच जाऊ दे, मंग भरंल कशाला लवकर?" झाकणाला दोन भोकं पाडली, एक नळी व्हॅक्यूमला जोडली, दुसरी आडवी वळवून लावली, म्हणजे भुसा आत गरगर फिरतो आणि तळाशी बसतो. व्हॅक्यूमला नवा फिल्टर, नवी कागदी पिशवी, आणि त्याची मागची हवा खिडकीतून थेट परसात. हळद घेऊनच परीक्षा केली. हे बंडी घालून मशीनमागं बसायला निघाले होते. मी त्यांना घरात पिटाळलं आणि परसात, नळीच्या तोंडासमोर, पांढरं धोतर टांगलं. ते पांढरंच राहिलं. त्या एका पिशवीवर पुढं आठ पाट झाले. काटकसर झाली ती अशी.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना मी विचारलं, "धूळ येते हे तुम्हाला कधी कळलं होतं?"

"पहिल्याच हप्त्यात."

"मग बोलला काहून न्हाईत?"

ते बशीत फुंकर मारत राहिले. "रिटायर झाल्यावर तू दिवसदिवस खिडकीत बसून ऱ्हायची. जेवायला चार वेळा हाक मारावी लागायची. हे सुतारकाम सुरू झालं अन् तू पुन्हा माझ्यावर वरडायला लागली. म्हटलं, खोकला काय, येतो न् जातो."

मी मोबाइल घेतला आणि पिशव्यांची चार पाकिटं मागवली, किंमत न बघता.