उशीर सर

उशीर सर कधीही उशिरा आले नाहीत. साडेनऊचा तास असला तर सव्वानऊला ते वर्गात जाऊन स्वतः फळा पुसत असायचे. तरीही मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं, कारण त्यांचा संशोधनाचा विषयच उशीर हा होता. सांगलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते आणि मी दोघंही दूरसंचार शिकवायचो आणि एकाच खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे उशीर सर म्हणत, हे त्यांनाही ठाऊक होतं. एकदा एका मुलानं घाबरून चुकून तोंडावरच तसं म्हटलं, तर म्हणाले, "बोल बाबा, नावात काही खोटं नाही."

आमच्या शाखेत संशोधनाचे वारे फार जोरात वाहतात. फाइव्ह-जी आमच्या जिन्यात धड पोचत नव्हतं, आणि विभागात सिक्स-जीचे प्रकल्प सुरू झाले होते. एकजण भिंतींनाच लहरी वळवायला शिकवत होता. दुसरा यंत्राच्या बुद्धीवर टॉवरची वीज वाचवत होता. तिसऱ्याला उपग्रहावरून थेट खिशातल्या फोनवर बोलायचं होतं. मी स्वतः मिलिसेकंदाचा कुठलासा बारीक तुकडा वाचवण्यावर पीएचडी केली. तो वाचवून मी त्याचं काय करणार होते, हे मला कुणी विचारलं नाही. अशा मंडळींत उशीर सर एकटेच म्हणायचे की निरोप उशिरा पोचला तरी चालेल, हरवता कामा नये. जिथं रेंजच नाही तिथं निरोप साठवून ठेवायचा, कुणी भेटलं की त्याच्याकडे द्यायचा, त्यानं पुढच्याला द्यायचा, अशा जाळ्यावर ते काम करत. चर्चासत्रात त्यांची पाळी आली की लोक चहाला उठायचे.

हे जाळं त्यांना पुस्तकात सापडलेलं नव्हतं. ते आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातले. धाकटा भाऊ गावी शेती बघायचा, पण वडील, म्हणजे आबा, अजूनही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पाटण, कोयनानगरवरून कुंभार्ली घाटानं कोकणात उतरायचे आणि पावसाआधी परतायचे. चार-पाच बिऱ्हाडं मिळून चालतात, त्याला ते लोक वाडा म्हणतात. एका वाड्याचा निरोप दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, असं करत तो घाट ओलांडायचा. "माझं सगळं संशोधन माझ्या आज्यानं चालून केलेलं आहे," असं सर म्हणायचे, आणि यात त्यांचा विनय वगैरे काही नव्हता, चांगलाच अभिमान होता.

वाईट निरोपाची त्यांच्यात एक रीत होती. ती त्यांनी मला एकदा डबा खाता खाता सांगितली. मयताचा निरोप आणणारा माणूस आला की आधी बसायचा, पाणी प्यायचा, मेंढरांची चौकशी करायचा, कोकरं किती झाली विचारायचा. मग म्हणायचा, "घरला बोलावलंय." एवढंच. खरं काय ते तो वाटेत सांगायचा, किंवा सांगायचाच नाही. पण तो माणसाला घराच्या दारापर्यंत सोबत करायचा. ती त्याची जबाबदारीच असे. मी म्हटलं, किती वेळ वाया जातो यात. सरांनी लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली आणि विषय बदलला.

अखेर त्यांना एक छोटा प्रकल्प मिळाला. त्यातून पिवळे डबे तयार झाले, साबणाच्या डबीहून जरा मोठे, उन्हावर चालणारे. घाटातून रोज जाणाऱ्या दुधाच्या टेम्पोत एक डबा आणि आबांच्या खांद्यावरच्या पिशवीत एक. गावाकडून फोनवर बोललेला निरोप कोयनानगरच्या डेअरीपर्यंत जायचा, तिथं टेम्पोतला डबा तो उचलायचा, आणि टेम्पो मेंढरांच्या आसपास गेला की निरोप आबांच्या डब्यात उडी मारायचा. डबा शिट्टी घालायचा. बटण दाबलं की माणसाचा आवाज. वाचता न येणाऱ्यालाही चालेल अशी सोय होती, पण एक अडचण होती. त्या रेडिओवरून जेमतेम दहा शब्दांचा आवाज जायचा.

म्हणून सर गावी शिकवणी घ्यायला गेले आणि मलाही घेऊन गेले. त्यांची भावजय सुमन पटकन शिकली. सरांच्या आईंना काही जमेना. त्या फोनपुढं बसून काळ्या मेंढीचा पाय बरा झाला का, तिकडं थंडी किती, घोडं चारा खातंय का, असं विचारत राहायच्या आणि जागा संपायची. सर हसत म्हणाले, "आय, आदी मुद्दा सांग, बाकीचं मागनं." आईंनी फोन खाली ठेवला. म्हणाल्या, "मुद्दा सांगितल्यावर मानूस बाकीचं आयकतंय व्हय रं?" आम्ही सगळे हसलो. सुमनही हसली, आणि तिनं मात्र सरांचा नियम नीट लक्षात ठेवला.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी आई चुलीपुढंच कोसळल्या आणि गेल्या. सर बातमी कळताच सांगलीहून निघाले. सुमननं त्यांच्या येण्याची वाट न बघता आबांना निरोप धाडला. सासूला ती आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची. शिकवल्याप्रमाणे ती आधी मुद्दा बोलली: "मामा, आत्या गेल्या. लगीच या." तिची काय चूक? सरांनी तिला हेच शिकवलं होतं. निरोप डेअरीत गेला, टेम्पोत चढला आणि दुपार व्हायच्या आत घाटात पोचला. बिऱ्हाडं घोड्यांवर सामान लादून पुढच्या मुक्कामाला गेली होती. उतारावर मेंढरांमागं आबा एकटे होते. डब्यानं शिट्टी घातली, त्यांनी बटण दाबलं.

आबा मेंढरं तिथंच सोडून रस्त्यावर आले, मिळेल त्या गाडीनं कराड, तिथून विटा, तिथून गाव. माती द्यायला ते वेळेवर पोचले. त्यांच्या घराण्यात वाटेवर असलेल्या माणसाला असं पोचता आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सरांनी मला रात्री फोन करून हे सांगितलं तेव्हा त्यांच्या रडण्यात थोडा अभिमानही होता, आणि मला तो बरा वाटला. आपलं यंत्र आपल्याच आईच्या कामी आलं, असं ते म्हणाले.

तेराव्याला आम्ही विभागातले काहीजण गावी गेलो. जेवणं उरकल्यावर आबांनी पिशवीतून पिवळा डबा काढला आणि सरांच्या हातात ठेवला. ते रागावलेले नव्हते, रागावले असते तर सरांना सोपं गेलं असतं. म्हणाले, "पोचलो बग मी. पर आयकलं तवा मेंढरं हुती आन मी हुतो. सांगनारं मानूसच न्हवतं रं." सुमन पदर तोंडाला लावून आत गेली. आबा उठून पाहुण्यांना पानसुपारी द्यायला गेले.

पुढं जे झालं त्यानं मला आमच्या पेशाची लाज वाटली. विभागप्रमुखांना ही हकिकत कळली आणि ते हरखले. प्रकल्पाच्या अहवालात हा भाग आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुर्गम घाटात, काही तासांत, अत्यंत निकडीचा निरोप पोचला, याहून चांगला पुरावा कुठला? सरांनी तो परिच्छेद खोडला. प्रमुखांनी पुन्हा घातला, सरांनी पुन्हा खोडला. शेवटी सर म्हणाले, "निरोप पोचला, हे खरं नाही." प्रमुखांना वाटलं, आईच्या जाण्यानं यांचं डोकं जाग्यावर नाही. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही.

त्यानंतर सर एकट्यानंच नवा डबा करत बसले. तो दोन तुकड्यांचा होता. एक तुकडा एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. दोघं जवळ आले आणि दोघांनी आपापलं बटण दाबलं तरच निरोप ऐकू यायचा. एकट्या माणसाला काही केलं तरी तो उघडत नसे. माणूस एकटा असेल तोवर निरोप आतच थांबून राहायचा. त्यावर त्यांनी निबंध लिहिला आणि तो सगळीकडून परत आला. सगळं जग विलंब कमी करायला धडपडत असताना तुम्ही तो जाणूनबुजून का वाढवता, असं एका परीक्षकानं विचारलं होतं. मलाही तेव्हा आतून तसंच वाटत होतं. मी त्यांना म्हटलं, सर, निरोप वेळेत मिळणं महत्त्वाचं नाही का? ते म्हणाले, "आहे ना. पण वेळ कुठली, ते घड्याळाला विचारायचं की माणसाला?" मी चिडले आणि तासाला निघून गेले.

नवा डबा घेऊन ते वाड्यावर जाऊन आले. आबांनी भाकरी वाढली, कोकरं दाखवली, डब्याला हात लावला नाही. "आता कशाला रं," म्हणाले. सर पुन्हा गेले, पुन्हा तसंच. ते परत आले की मी विचारायची, आबांशी बोललात का? "मेंढरांचं बोललो," हे उत्तर ठरलेलं. बापलेकांत भांडण नव्हतं, अबोला नव्हता, नुसती एक गोष्ट मधे पडलेली होती आणि दोघंही तिला वळसा घालून चालत होते. सरांना एवढंच हवं होतं की आबांनी एकदा तो दुसरा तुकडा हातात घ्यावा. त्यासाठी ते हळूहळू झिजत गेले. त्यांचे केस पिकले, मुलांशी चेष्टा थांबली. आमच्या खोलीत ते पंख्याखाली बसून सोल्डरिंग करत राहायचे आणि चहा समोर निवून जायचा. मला त्यांची दया यायची आणि आबांचा राग यायचा. पुढं त्याच आबांना भेटायला मलाच जावं लागलं.

गेल्या वैशाखात, तास संपवून खोलीत येताना सरांनी छातीवर हात ठेवला. मिरजेच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांचा भाऊ धावत आला. देह गावी न्यायचा होता. आबा परतीच्या वाटेवर कोयनानगरच्या अलीकडे होते. भावानं खिशातून फोन काढला. आता तिथं नवीन टॉवर झाला होता, आबांकडे त्यानंच दिलेला फोन होता, एका मिनिटात काम होणार होतं. मी त्याचा हात धरला. म्हटलं, फोन करू नका, मी जाते आणि त्यांना घेऊन येते. त्यानं फोन खिशात ठेवला.

कॉलेजच्या गाडीनं मी निघाले. आबा रस्त्याकडेच्या आंब्याखाली बसले होते, मेंढरं सावलीला उभी होती. मला त्यांनी लगेच ओळखलं. मी खाली बसले. पाणी मागितलं, प्यायले. मेंढरं कशी आहेत विचारलं. कोकरं किती झाली विचारलं. आबांनी एकेका प्रश्नाला नीट उत्तर दिलं, पण आवाज खाली खाली जात होता. मग मी म्हटलं, "आबा, घरी बोलावलंय."

त्यांनी जोडीदाराला हाक मारून मेंढरं सोपवली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि काही न विचारता गाडीत माझ्याशेजारी बसले. पाटण गेलं. मग आबा म्हणाले, "त्यो कालिजात कसा हुता, सांग." मी सांगत राहिले. ते फळा कसा पुसायचे, मुलं त्यांना काय म्हणायची, दोन तुकड्यांचा डबा करताना हात किती वेळा भाजून घेतला. आबा खिडकीबाहेर बघत ऐकत होते. "डबा वंगाळ न्हवता," ते म्हणाले. "मी घ्याया पायजे हुता. एकदा म्हनायचं हुतं त्याला, ऱ्हाऊनच गेलं."

कराड मागं पडलं. आबांनी घोंगडं सारखं केलं आणि माझ्याकडे वळले.

"आता सांग, बाई."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं.