मैदानाचा कठडा

मुलांनो, धाकट्याची नडगी दुखत असूनही त्याचे कोच त्याला पळवतात, असं तुम्ही परवा फोनवर सांगितलंत. म्हणून आमच्या भोपाळच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या एका गृहस्थाविषयी लिहिते. नाव लिहिण्याइतका मान मी त्यांना देणार नाही.

फौजेत आपण कमांडो घडवले, असं ते स्वतःच सांगत. निवृत्त झाल्यावर कॉलनीच्या मैदानावर तरुणांना फौजेच्या भरतीसाठी तयार करायचे. कोणी लंगडला की त्याला एक चक्कर जास्त. पाय सुजला तर बुटाची नाडी आवळून बांधायला शिकवायचे, म्हणजे फौजेच्या डॉक्टरला पत्ता लागू नये. तुमचा काका त्यांच्याकडेच जायचा. त्याला कमांडो व्हायचं होतं आणि त्याची नडगी महिनाभर ठणकत होती.

मी एकदा मैदानावर जाऊन म्हटलं, "भाईसाहब, उसे थोड़े दिन आराम करने दीजिए."

बोटाभोवती शिट्टी फिरवत ते म्हणाले, "बहनजी, दर्द घरवालों को होता है. फौजी को नहीं होता."

एवढं बोलून ते मैदानाच्या पायऱ्या उतरले, तेही उलटे, भिंत धरून. त्यांचे गुडघे कधीच गेले होते. पुढे त्यांनीच कॉलनीच्या ऑफिसात अर्ज देऊन तिथे लोखंडी कठडा बसवून घेतला.

काका निवडला गेला, पण प्रशिक्षणात त्याच नडगीचं हाड मोडलं आणि त्याला घरी पाठवलं.

"कच्चा निकला," महाशय म्हणाले. तेव्हाही त्यांचा हात कठड्यावरच होता.

आता ती क्वार्टर्स पाडली आहेत, मैदानात गवत माजलंय. कठडा अजून शाबूत आहे.