वस्तूवाचून जग

पक्षाघातानंतर माझ्या उजव्या हाताची बोटं उचलेनात, तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीतल्या भजनात मी जायचं बंद केलं. गिरणीत होतो तेव्हापासून मृदुंग वाजवला. आता कोपऱ्यात बसून दुसऱ्याचा ऐकणारा मी नव्हे.

माझी नात कॉलेजात सायन्स शिकते. एका दुपारी तिने विचारलं, "आजोबा, जगात वस्तूच नसत्या, धुळीचा कणसुद्धा नसता, तर जग असतं का?"

"नसतं." मी चौथी शिकलेला, पण मत द्यायला कधी कोणाला घाबरलो नाही. "सूत नाही तर कापड कसलं?"

"गणितात तसं जग बसतं. नुसती जागा आणि वेळ, आत काही नाही."

"गणिताला कोण विचारतो?"

ती हसली. "तुमच्या तालात खाली असते ना? तिथे टाळी देत नाहीत, हात नुसता हवेत जातो. तरी ताल असतो."

"असतो. पुढे टाळी यायची असते म्हणून."

"आणि सगळ्याच टाळ्या काढल्या तर?"

नातीने मला अडवलं. ते फार लागलं. मी उठून गॅलरीत जाऊन बसलो.

मंगळवारी आमचे बुवा, म्हणजे भजनातले मुख्य गायक, दारात उभे.

"चल."

"हात चलना नाय."

"तुझो हात कोण मागता? ताल इसारलस काय?"

असं कोणी बोललं की मी घरात बसत नाही. गेलो. मृदुंगावर चिंचपोकळीचा नवा गडी होता. दुसऱ्याच अभंगाला तो पळायला लागला, टाळकरी त्याच्यामागे, बुवांना श्वास पुरेना. मी काही ठरवलं नव्हतं; डावा हात आपसूक मांडीवर पडायला लागला. टाळी, खाली, टाळी, खाली. आवाज तरी कितीसा होणार? पण शेजारच्या टाळकऱ्याने बघितलं आणि लय आवरली. मग दुसऱ्याने. शेवटी मृदुंगवालाही जाग्यावर आला.

नात दाराशी ऐकत होती. घरी येताना म्हणाली, "बघितलंत? मृदुंग नव्हता, तरी ताल होता."

"मांडी होती. मांडी वस्तू नाही काय?"

"म्हणजे हरला नाहीत."

"नाही."

पण तिच्या त्या रिकाम्या जगाचा मला आता राग येत नाही. तिथे वेळ चालू असेल, तर केव्हातरी काहीतरी येईलही, एवढं मला पटतं. शास्त्रवाल्यांना पटत नसेल तर त्यांनी बघावं.

पुढच्या मंगळवारी बुवांनी मला मृदुंगवाल्याच्या समोर ताल धरून बसायला सांगितलंय. मी म्हटलं, बसतो, पण चहा आधी.