वानखडे सरांशी अर्धं राहिलेलं भांडण

वानखडे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलेली होते. स्टाफरूममध्ये कौशल्य तासिकेचा अहवाल भरत होते, फिजिक्सचा रकाना सरांनी नेहमीप्रमाणे कोरा सोडला होता, म्हणून फोन लावला तर तो त्यांच्या मुलीनं उचलला. "मॅडम, बाबा सकाळीच गेले…" पाच आठवडे झाले. माणूस गेला की राग विरतो म्हणतात. माझा विरलेला नाही.

आष्टी तालुक्यातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात आम्ही सोळा वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. ते फिजिक्स शिकवत, मी इंग्रजी. मधेच वरून आदेश आला, मुलांना नोकरीत लागणारी कौशल्यं शिकवा. तास कुठून आणायचे ते आदेशात नव्हतं. प्राचार्यांनी सरांच्या प्रॅक्टिकलमधले दोन तास कापून मला दिले, आणि तेव्हापासून आमचं वाजलं. "बोलता आलं म्हनजे झालं काय? ओहमचा नियम येत नाई अन् चालले मुलाखत द्याले!" मी म्हणायची, "सर, नियम पाठ आहे पण चार माणसांत तोंड उघडत नाही, त्याला कोण उभं करणार?" दोघांचंही खरं होतं, दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच कोणी हटत नव्हतं.

एकदा मी त्यांना सरावाच्या मुलाखतीत साहेब म्हणून बसवलं. तुमचा दोष सांगा, असं त्यांनी विचारलं, आणि वर्गातला एकूण एक जण म्हणाला, मी फार मेहनत करतो. मीच लिहून दिलं होतं ते! "मॅडम, अख्ख्या वर्गाले एकच दोष कसा?" सर पोट धरून हसले. "तुमी तं गाइडच काढलं!" आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

पण पितळ त्यांचंही उघडं पडलं. प्रयोगवही भरायची आमच्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षीच्या वहीतून आकडे उतरवायचे, सरांची सही घ्यायची, परीक्षेला बसायचं. बारावीतल्या प्राचीनं मात्र स्वतः मोजलं, आणि तिचे आकडे कोणाशीच जुळेनात. सरांनी लाल रेघ मारली. "सर, मीटरचा काटा अडकून राह्यला," ती म्हणाली. "पुस्तकात असं येत नाई. पुन्हा लिही." तिनं खोटं लिहिलं नाही, सरांनी सही दिली नाही, पोरगी प्रॅक्टिकलला बसलीच नाही. शिक्षण सुटलं. नंतर मी मीटर तपासून घेतला. काटा खरंच अडकत होता. सरांना सांगितलं तर "हं" म्हणून चष्मा पुसत बसले. चूक झाली म्हणायला या माणसाची जीभ रेटत नाही, असंच मी चार वर्षं समजत आले.

तेरवीनंतर बाजाराच्या दिवशी मिक्सर दुरुस्तीला घेऊन आष्टीला गेले, तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात प्राची. दुकान तिचंच. "सर गेले न मॅडम… दर रविवारी येत होते."

"इथे? कशाला?"

"म्हने, मोटर कशी उघडते ते शिकव मले. पह्यल्या दिवशी माफी मांगतली त्याईनं." तिनं खणातून एक जाड वही काढली. अक्षर सरांचं. डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर निरीक्षणं, आणि प्रत्येक कामाखाली लाल पेनानं प्राचीची सही.

मला रडू आलं नाही, संताप आला. शेजारीच बसत होतात ना सर? हे एकदा माझ्याजवळ बोलला असतात तर तो तास आपण दोघांनी मिळून घेतला असता. मोटरही उघडली असती, नियमही विचारला असता. इतकी वर्षं नुसतं भांडण्यात घालवली… आता कोणाशी भांडू?

शेवटच्या पानावर सही नव्हती. "हे रीडिंग त्याईनं मोजलं नाई, अंदाजे लिवलं," प्राची म्हणाली. "म्या म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा घ्या."

"आता करून टाक ना सही," मी म्हणाले.

"नाई मॅडम." तिनं वही मिटली. "आकडा चुकीचा हाये."