इस्त्रीने वाचलेलं नाटक

आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टरला सगळे इस्त्री म्हणत. त्याच्या आवाजात एकही सुरकुती नसायची, म्हणून हे नाव पडलं. खून असो नाहीतर लग्न, तो सगळं एकाच पट्टीत वाचायचा. मी तेवीस वर्षं दिवे सांभाळले, त्यामुळे समोरच्या विंगेत बसलेला तो मला रोज दिसायचा. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. नट अडखळला की नेमका पुढचा शब्द पुरवायचा आणि पुन्हा मूग गिळून बसायचं, एवढंच त्याचं काम. घरीही हा असाच असणार, असं आम्ही थट्टेत म्हणायचो. ते खरं निघालं.

त्याचा कस लागायचा तो नव्या नाटकांच्या वेळी. ज्यांचं एकही नाटक रंगमंचावर आलेलं नाही, अशा तिशीच्या आतल्या लेखकांकडून आम्ही दरवर्षी संहिता मागवायचो. कंपनी चालवणाऱ्या बाईंनी त्याची रीत घालून दिली होती. कारकून लेखकाचं नाव काढून संहितेवर नुसता आकडा घालायचा. निवडलेली सहा नाटकं दर शनिवारी एक अशी तालमीच्या खोलीत इस्त्री मोठ्याने वाचायचा, तीही आधी न चाळता आणि अजिबात अभिनय न करता. चांगला नट रद्दीतलं नाटकसुद्धा गळ्यात मारतो, असं बाईंचं म्हणणं. लेखक सगळे मागच्या रांगेत बसत. कोणाचं नाटक कोणतं, ते आम्हाला ठाऊक नसे. वाचून झालं की आम्ही पाच जण भीडभाड न ठेवता बोलायचो आणि लेखकांनी ते निमूट ऐकायचं. ज्याचं नाटक निवडलं जाई त्याला तीन महिने खोली, नट आणि खुद्द बाई मिळत. उरलेल्यांना बाईंचं लांबलचक पत्र जाई. त्या पत्रांवर शिकून तिघा जणांची नाटकं पुढे आमच्याकडेच झाली. वाचणाऱ्याने लेखक ओळखला तर ते नाटक त्या वर्षी बाद, असाही एक नियम होता. तो वापरायची वेळ कधी आली नव्हती.

त्या वर्षी चौथ्या शनिवारी चार नंबरचं नाटक निघालं. दोन खोल्यांचं घर, आणि नवऱ्याला सोडून, एक बॅग आणि चार वर्षांची मुलगी घेऊन भावाच्या दारात आलेली बहीण. इस्त्री पानं उलटायला वेळ लावत होता. याचा चष्म्याचा नंबर वाढलाय, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्या अंकात बहीण विचारते, "दादा, मी इथे राहू का?" इस्त्री थांबला. मग नेहमीच्याच सपाट आवाजात त्याने वाचलं, "राहा." पुढच्या ओळीत बहीण बॅग उचलून निघून जाते.

आमची मंडळी बेहद्द खूश. आमच्यातले निवृत्त प्राध्यापक म्हणाले, भाऊ राहा म्हणतो आणि तरी ती जाते, अहो काय हे धाडस! त्यांनी त्या एका शब्दातून दहा मिनिटं अर्थ काढले आणि मीही री ओढली. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ही त्यांची पसंतीची खूण, म्हणजे चार नंबर निवडल्यातच जमा होता.

तेव्हा इस्त्रीने हात वर केला. या खोलीत त्याने आपणहून बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तो शब्द संहितेत नाही," तो म्हणाला. "भाऊ काही बोलत नाही, एवढंच लिहिलंय. तिने विचारलं, समोरचा गप्प राहिला, आणि माझ्या तोंडून गेलं. सवय."

प्राध्यापक छताकडे बघू लागले. बाईंनी संहिता मागवून खात्री केली आणि म्हणाल्या, चुकून पडला असला तरी शब्द चांगला आहे, लेखकाला हवा असेल तर ठेवावा. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. ती औषधांच्या दुकानात काम करते, हे आम्हाला नंतर कळलं.

"काढा तो," ती म्हणाली. "तो माणूस बोलला नव्हता. बोलला असता तर हे लिहायची वेळच आली नसती."

बाईंनी विचारलं, कोण माणूस? मुलगी इस्त्रीकडे बघत राहिली. शेवटी त्यानेच सांगितलं की तो माणूस आपण आहोत, ही आपली भाची, आणि दुसऱ्याच पानावर आपण तिला ओळखलं होतं. तेव्हाच थांबलो असतो तर तिचं नाटक बाद झालं असतं, म्हणून वाचत राहिलो.

नाटक अर्थातच बाद झालं. मला इस्त्रीचा भयंकर राग आला. बहीण दारातून गेल्यापासून चोवीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस, तर आणखी दहा मिनिटं धरायची होतीस, असं मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, तिचं नाटक माझ्या शब्दावर निवडलं जात होतं.

बाईंचं पत्र त्या खेपेला सहा पानी होतं. मुलीने वर्षभर खपून दोन प्रसंग नव्याने लिहिले आणि नाटक पुन्हा पाठवलं. वयाची अट संपायला तिचे चार महिने उरले होते. वाचनाला इस्त्रीने नकार दिला. तिकीटखिडकीवर नव्याने लागलेल्या बाईने वाचलं, फारच वाईट वाचलं, तरी नाटक निवडलं गेलं.

तालमींना प्रॉम्प्टर मात्र इस्त्रीच. मामा-भाची रोज समोरासमोर बसत आणि पान नंबरापलीकडे एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. भावाचं काम करणारा नट त्या गप्प जागेवर आला की कधी खाकरायचा, कधी घड्याळाला किल्ली द्यायचा. बाई वैतागल्या. शेवटी एका दुपारी नटाने इस्त्रीलाच विचारलं, हा माणूस गप्प का बसतो, एवढा निर्दयी आहे का?

"निर्दयी नाही," इस्त्री म्हणाला. "बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. त्याला वाटतं, ती हो म्हणेल. तिला वाटतं, तो म्हणेल. तेवढ्यात बहीण जिना उतरायला लागते."

भाचीने वहीतून मान वर केली. "मामी तयार होती?"

"होती. तुम्ही गेल्यावर कळलं."

"मग आणायला का नाही आलात?"

"लाज वाटली. आधी एक दिवस गेला, मग वर्ष गेलं."

"आईला हे माहीत नाही."

"तू सांग तिला."

"मी नाही सांगणार." तिने फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या संहितेवर ठेवला.

नट जागच्या जागी उभा होता. पलीकडून एका बाईचा आवाज हॅलो म्हणाला, मग पुन्हा हॅलो, मग जरा चिडून तिसऱ्यांदा.

"मी दादा बोलतोय," इस्त्री म्हणाला. "ठेवू नकोस."