जतच्या वहीतली शून्ये

प्रा. दत्तात्रय बेलवडकर सरांची पहिली भेट कराडच्या महाविद्यालयात, भूगोल विभागात झाली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती आणि मी हंगामी व्याख्याता म्हणून रुजू होत होतो. सरांनी माझे गुण विचारले नाहीत की गाव विचारले नाही. ‘गाडी लागते का तुम्हाला?’ एवढेच विचारले आणि दुसऱ्या दिवशी जतच्या एस.टी.त बसवून दिले.

जत तालुक्यातल्या काही वस्त्यांवर सरांनी पर्जन्यमापके बसवली होती. वस्तीवरच्या कुणीतरी रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहायचे आणि महिन्यातून एकदा मी त्या नोंदी उतरवून आणायच्या, अशी पद्धत होती. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे आणि पाहिलेच नसेल तर जागा कोरी सोडायची. हा फरक सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. मलाही सांगितला होता.

सर मूळचे रहिमतपूरचे, बागायती घरातले. तरी त्यांचा सारा अभ्यास कोरडवाहू मुलखाचा. श्रीमंत देशांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरण्या आणि मोटारी चालवून हवा तापवली. ज्यांच्या दारात सायकलसुद्धा नाही त्यांना ती आधी भोवणार, तेव्हा निस्तरण्याचा पहिला भार त्या देशांनी उचलला पाहिजे, हे ते वर्गात शांतपणे मांडत. मात्र एका दुष्काळाकडे बोट दाखवून हवामान बदलले असे कुणी म्हटले, तर त्याला बसवून पुढची दहा मिनिटे फैलावर घेत. मी दोनदा बसलो आहे.

पुढे सरांना परदेशातल्या एका परिषदेचे बोलावणे आले. जतच्या नोंदी हाच निबंधाचा कणा होता. निघण्याच्या आठवड्यात ते शेवटची पडताळणी करायला मला घेऊन मल्लाप्पांच्या वस्तीवर गेले. मल्लाप्पा धनगर, अक्षरओळख जेमतेम, पण नोंदीला चोख. आम्ही नेलेला तक्ता सरांनी वाचून दाखवला, तसे ते म्हणाले, “आवं सर, ही शून्यं कुणी लिवली? त्या साली चारा संपला म्हणून मी मेंढरं घेऊन किष्णाकाठाला गेलतो. मागं पाऊस पडला का न्हाई, मला काय ठावं?”

वहीतल्या कोऱ्या जागा मी शून्यांनी भरल्या होत्या. दुष्काळी भाग, पडून पडून पडणार किती, असा माझा हिशेब. सरांनी त्या शून्यांवर पेन्सिलीने एकेक खूण केली आणि तक्ता पिशवीत ठेवला. परतीच्या गाडीत मीच धीर करून म्हणालो, “सर, त्या शून्यांनी आपलीच बाजू भक्कम होते.”

“म्हणूनच ती काढायची,” सर म्हणाले. “आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कार्टं, असं करून दुसऱ्याला जाब विचारता येत नाही.”

मला नोकरीची धास्ती होती. हंगामी माणसाला काढायला कारण लागत नाही, आणि इथे तर कारण होते. सरांनी मात्र प्राचार्यांपर्यंत काहीच नेले नाही. निबंधातला सर्वांत ठसठशीत भाग काढून टाकून ते विमानात बसले. परत आल्यावर, तिथे काय झाले असे विचारले तर म्हणाले, “ऐकून घेतलं. चहा चांगला होता.”

वर्षभराने छापील निबंध टपालाने आला. पहिल्याच पानावर सरांनी लिहिले होते: ‘जत येथील काही महिन्यांच्या नोंदी माझ्या हलगर्जीपणामुळे सदोष झाल्या असून त्या वगळल्या आहेत. जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.’ त्याखालच्या परिच्छेदात श्रीमंत देशांना त्यांच्या धुराचा जाब विचारला होता. माझे नाव होते, ते शेवटच्या पानावर, आभारात. ते वाचून मी विभागाच्या खोलीचे दार लावून घेतले आणि रडलो.

त्यानंतर मी नोकरीत कायम झालो, विभागात मानाने वावरलो, पण हे कुठे बोललो नाही. सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात आता सांगतो की तो हलगर्जीपणा सरांचा नव्हता, माझा होता. सरांना हा लेख आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. जगातल्या एखाद्या बड्या देशाने आपल्या धुराबद्दल ‘जबाबदारी आमची आहे’ एवढी एक ओळ, सबबी न सांगता, लिहावी आणि ती वाचायला सर असावेत. ओळ लहान आहे, पण मला ती लिहायला इतकी वर्षे लागली.