चौसाळ्याच्या माळावर दानिलोच्या लेकीचं लग्न

बीड जिल्ह्यात फिरायला चाललेय असं सांगितलं की पुण्यातली माणसं क्षणभर थांबतात आणि विचारतात, "कुणाकडे?" नुसतं फिरायला तिकडे कुणी जाईल हे त्यांना पटतच नाही. खरं म्हणजे मीही कुणाकडे तरीच निघाले होते. माझा धाकटा भाऊ नितीन चौसाळ्याजवळ पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर आहे. दिवाळीला आला नाही, संक्रांतीला आला नाही. विचारलं की म्हणायचा, "शनिवार मोडवत नाही गं ताई." शनिवारी असं काय असतं, ते मात्र सांगायचा नाही. शेवटी आईनं तिळाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तू जाऊन बघून ये.

एसटीनं जाणार असाल तर जामखेडवरून जाणारी गाडी विचारून घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि खिडकी मिळाली तर त्या तिकिटात अख्खा बालाघाट बघायला मिळतो. जामखेड सुटलं की डोंगर हळूहळू अंगावर येतात. अंगावर येतात म्हणजे दटावत नाहीत, गुरं जवळ येऊन उभी राहावीत तसे येतात. पिवळं गवत, काळं रान, मध्येच हुरड्यात आलेली ज्वारी. पाटोद्याच्या पुढे मला डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या, इतक्या सावकाश की मी अजून झोपेतच आहे असं वाटलं.

मांजरसुंब्याला उतरले. तिथली रबडी चुकवू नका. द्रोण संपवेपर्यंत नितीन मोटारसायकल घेऊन आला. उन्हानं काळवंडला होता, पण चेहरा शांत होता. चौसाळ्यात हायवेवरच्या लॉजवर खोली घेतली होती. खोली साधी, स्वच्छ, खिशाला परवडणारी. फक्त रस्त्याकडची खोली घेऊ नका, ट्रक झोपू देत नाहीत.

संध्याकाळी पिठलं-भाकरी खाताना नितीननं सांगितलं की त्याला व्हिएतनामला नोकरी मिळतेय. समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर, निदान तीन वर्षं. आईला सांगायचा धीर होत नव्हता. "तू सांग ना," तो म्हणाला. बाबा गेल्यापासून आईचं सगळं लक्ष या एका पोरात. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी काम सुटतं आणि रविवारी सुट्टी असते. नितीनबरोबर दोन परदेशी कारागीर काम करतात. दानिलो फिलिपिन्सचा, पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा. दुसरा पोर्तुगालचा, उंच आणि अबोल, नाव रुई. दोघं दोरांवर लटकून पवनचक्कीच्या पात्यांना पडलेल्या भेगा बुजवतात. आठवडाभर पाय हवेत. त्यामुळे शनिवारी त्यांना एकच हवं असतं, जमीन.

ती त्यांना मारुती धनगराच्या वाड्यावर मिळते. हा वाडा म्हणजे माळावर काटेरी फांद्या रचून केलेली मेंढरं कोंडायची जागा, शेजारी कुडाचं घर, खाली उतारावर मारुतीची दोन एकर ज्वारी. मारुतीनं पहिल्या दिवशी पोर्तुगीजाचं नाव विचारलं, तेव्हा ते ऐकून म्हणे मारुती हसून खालीच बसला होता. मलाही त्यानं तेच ऐकवलं, "शनवारी मारुतीला रुई लागतीच की ताई. आमच्याकडं चालत येती." रुईला ही गंमत समजावायला नितीनला झाड दाखवावं लागलं होतं. तेव्हापासून रुई येताना त्या झाडाचं एक पान खिशाला लावून येतो.

गेल्या गेल्या दोघांनी बूट काढले. विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली बसून अंगावरची पात्यांची खाजरी धूळ धुतली आणि अनवाणी रानात चालू लागले. ढेकळं पायाखाली फुटत होती. मीही चपला काढल्या. वरून ऊन, खाली ती गार काळी माती, आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. रुई तर थोड्या वेळानं घोंगडीवर आडवा झाला आणि टोपी तोंडावर घेऊन झोपला. दर शनिवारी झोपतो म्हणे, खोलीवर मात्र त्याला झोप येत नाही. मारुतीच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायला घेतली. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही. दानिलो व्हिनेगर आणि लसूण घालून त्याच्या गावाकडची भाजी करतो. मूळची ती कोंबडीची, पण मारुतीचा शनिवार, म्हणून इथे ती वांग्याची झाली आहे. आंबट, काळपट, भाकरीबरोबर फार छान लागते.

त्या शनिवारी दानिलो भाजी करता करता हात थांबवत होता. त्याच्या थोरल्या मुलीचं, मारिसेलचं, त्या दिवशी लग्न होतं. त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता, म्हणून सुट्टी मिळाली नव्हती. आपल्याकडे दुपार कलली की तिकडे संध्याकाळ होते. फोनला रेंज फक्त वाड्यामागच्या टेकाडावर, म्हणून झोपलेला रुई सोडून आम्ही सगळे तिथे जाऊन बसलो. दानिलोनं पांढरा, पातळ, छातीवर नक्षी विणलेला सदरा घातला होता. लग्नात बापाने घालायचा सदरा, बायकोनं पाठवलेला. लक्ष्मीबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. तो मान वाकवून उभा राहिला.

फोनमध्ये छोटंसं लग्न चाललं होतं. पांढऱ्या झग्यातली मुलगी, दिव्यांच्या माळा, कुणीतरी रडत होतं, कुणीतरी खात होतं. लक्ष्मीबाई मला हळूच विचारत होत्या की नवरी एवढं पांढरं कावून, म्हणजे कशासाठी, नेसलीय. मग तिकडे गाणं सुरू झालं, मुलगी मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली आणि रेंज गेली.

दानिलोनं फोन वर धरला. टेकाडाच्या कडेपर्यंत गेला, परत आला. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं. तो फोन छातीशी धरून उभा राहिला.

मारुतीनं नितीनला विचारलं, "काय झालं? कावून असा उभा राह्यला त्यो?"

नितीननं सांगितलं की त्यांच्याकडे लग्नात बाप आणि लेक सगळ्यांसमोर एकत्र नाचतात. आता तेच होतं.

मारुतीची एकुलती एक लेक गेल्या वर्षी सिरसाळ्याला दिलीय. तिच्या पाठवणीच्या वेळी तो मांडवामागे जाऊन उभा राहिला होता, हे लक्ष्मीबाईंनी मला नंतर सांगितलं. तो उठला, खाली गेला आणि जत्रेत वाजवायचा ढोल गळ्यात अडकवून वर आला.

"त्याला म्हनावं, तू नाच," तो नितीनला म्हणाला. "तिकडं ती नाचतच आसंल."

नितीननं इंग्रजीत सांगितलं. दानिलोनं मारुतीकडे पाहिलं. मारुतीनं टिपरीनं ढोलावर ठेका धरला, अगदी हळू, चालत्या माणसाच्या पावलाएवढा. दानिलोनं फोन माझ्याकडे दिला. एक हात खांद्याच्या उंचीवर धरला, दुसरा समोर कुणाच्या तरी पाठीवर ठेवल्यासारखा, आणि तो त्या माळावर अनवाणी नाचू लागला. लहान लहान पावलं टाकत, डोळे मिटून. मागे पवनचक्क्या त्याच्याच गतीनं फिरत होत्या. रुई जागा होऊन खालून आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला. ते किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. मेंढरंसुद्धा चरायची थांबली होती असं मला आठवतं, पण ते खरं नसेलही.

मग माझ्या हातातला फोन वाजला, मी तो दानिलोकडे दिला. मारिसेल होती, घामेजलेली, हसत. दानिलोच्या भावानं बापाची जागा घेतली होती. दानिलोबरोबर राहून नितीनला त्यांची भाषा थोडी कळायला लागली होती, तो आमच्यासाठी हलक्या आवाजात अर्थ लावत होता. तिनं विचारलं, बाबा, दिसलं का? दानिलो म्हणाला, दिसलं. मग त्यानं फोन मारुतीकडे वळवला. मारुतीनं टिपरी वर करून नवरीला आशीर्वाद दिला. "सुखी ऱ्हाय बाई," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून ढोल उतरवू लागला.

रविवारी परतीची गाडी धरली. लॉजपासून मांजरसुंब्याला जीप मिळतात, सकाळी लवकर निघालात तर बसायलाही जागा मिळते. नितीननं डोळ्यांनीच पुन्हा विचारलं आणि मी या वेळी हो म्हटलं. वाटेतलं फारसं काही आठवत नाही. खिडकीबाहेर डोंगर मागे मागे सरकत होते आणि मी आईसमोर बोलायची वाक्यं जुळवत होते.

घरी आल्यावर त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. व्हिएतनामचं सांगितलं तेव्हा आई मेथी निवडत राहिली. म्हणून मग मी शनिवारचं सांगायला लागले. माती, वांग्याची भाजी, सदरा, ढोल. बरंच सांगितलं. मेथी निवडून झाली तरी ती तशीच बसली होती.

"आणि मग जेवला का तो?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, जेवला. लक्ष्मीबाईंनी दानिलोला समोर बसवून वाढलं, दोन भाकरी खाल्ल्या त्यानं.

आईनं मेथीची पानं परातीत ओतली आणि उठली. "मग जाऊ दे नितीनला," ती म्हणाली.